'डीजे' नावाचे दोघे

श्रींच्या आगमनाची चाहूल लागली, की घरोघर जशी मखराची आणि दूर्वापत्रीची बोलणी सुरू होतात, तसाच एक वादही आता दरवर्षी नेमाने डोके वर काढतो. मंडळाच्या मिरवणुकीत 'डीजे' असावा की नसावा, हा तो वाद. घरातील वडीलधारी मंडळी त्या नावानेच कपाळाला आठ्या घालतात. आजोबांच्या छातीत धडधड होते, तान्ही मुले दचकून उठतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्याच घरातला तरुण मुलगा मंडळाचा कार्यकर्ता असतो आणि डीजेवाचून मिरवणुकीला रंग चढणार नाही, असे त्याला अगदी मनापासून वाटत असते. ऋषिपंचमीची भाजी एका पंगतीत जेवणारी माणसे अनंत चतुर्दशीपर्यंत एकमेकांशी तुटकपणे बोलू लागतात.

या वादात आम्ही कोणत्या बाजूचे, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. विघ्नहर्त्याच्या रथापुढे कानठळ्या बसविणारी भिंत उभी करणे आम्हांस मान्य नाही. परंतु ज्या शब्दाला आपण इतकी वर्षे दूषणे देत आलो, तो शब्द मुळात कोणाचा, तो कोणत्या वस्तीत वाढला आणि त्यामागे कोणाचे कष्ट आहेत, याची चौकशी केल्यावाचून निकाल देणे न्यायाचे नव्हे. ती चौकशी करू लागलो, तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या एका गरीब वस्तीतील दोन मित्रांची हकीकत हाती आली. ती आजच्या या पानावर सांगावीशी वाटते.

आधी शब्दाविषयी. डीजे ही 'डिस्क जॉकी' या दोन शब्दांची आद्याक्षरे. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे घोड्यावर मांड ठोकणारा स्वार. आकाशवाणी केंद्रांवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला अमेरिकेत हे नाव पडले. म्हणजे डीजे हा मुळात माणूस होता. (आरतीचे ते तबक आणि त्याचेच लहान रूप ती तबकडी, शब्द आपल्या घरातलाच आहे, हे जाता जाता.) आपल्याकडे मात्र मालमोटारीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या चळतीलाच लोक डीजे म्हणू लागले. माणूस गेला, खोके उरले. कोल्हापूर-सातारा भागांत याच चळतीला 'डॉल्बी' म्हणतात. त्याची कथा तर आणखीनच गमतीची आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होते. १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि ध्वनिमुद्रणातली फितीची खरखर कमी करण्याची युक्ती जगाला दिली. गोंगाट घटविणाऱ्या गृहस्थाचे नाव आम्ही गोंगाटालाच दिले! दैव असे कधी कधी थट्टा करते.

आता त्या दोघांकडे वळू. एकाचे नाव क्लाइव्ह कॅम्पबेल. जन्म १६ एप्रिल १९५५, जमैका बेटावरच्या किंग्स्टन शहरातला. त्या शहरात १९५० नंतरच्या दशकात एक निराळाच लोकोत्सव रुजला होता. घरी ग्रामोफोन घेण्याची ऐपत नसलेल्या गोरगरिबांसाठी काही हिकमती माणसे मोठाले कर्णे आणि तबकड्या घेऊन चौकात उभी राहत आणि वस्तीच्या वस्ती तेथे लोटे. ड्यूक रीड आणि 'कॉक्सन' डॉड हे या क्षेत्रातले नामवंत. तबकडी वाजत असतानाच ध्वनिक्षेपकावरून तालात बोलण्याची, श्रोत्यांना चेतविण्याची तिथे रीत होती. लहानग्या क्लाइव्हच्या कानांवर हे सारे पडत होते. त्याचे वडील कीथ हे यंत्रदुरुस्तीच्या कामातले जाणते कारागीर. आई नेटी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी न्यूयॉर्कला गेली आणि तिच्यामागोमाग १९६७ च्या नोव्हेंबरात बारा वर्षांचा क्लाइव्हही तेथे पोहोचला.

पोहोचला तो ब्रॉन्क्समध्ये. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेचा हा विभाग तेव्हा पडत्या काळातून जात होता. वस्तीच्या ऐन पोटातून रुंद महामार्ग काढण्यात आला होता, हजारो कुटुंबे त्यापायी उठली होती, उद्योगधंदे बाहेर गेले होते. भाडे वसूल होईना तेव्हा काही घरमालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावीत. गल्लोगल्ली तरुणांच्या टोळ्या माजल्या होत्या. या टोळ्यांचे भांडण मिटवायला गेलेला 'ब्लॅक बेंजी' नावाने ओळखला जाणारा एक तरुण २ डिसेंबर १९७१ रोजी मारला गेला. त्याच्या मृत्यूने सूड पेटावा, पण घडले उलट. ८ डिसेंबरला टोळ्यांचे म्होरके एका सभागृहात जमले आणि त्यांनी तह केला. ही घटना इथे नोंदवून ठेवण्याचे कारण असे, की दीड-दोन वर्षांनी मुले एका खोलीत नाचण्यासाठी निर्धास्तपणे जमू शकली, त्याला या तहाचा आधार होता.

नव्या शाळेत क्लाइव्हच्या जमैकन उच्चारांची टवाळी होई. घरातल्या तबकड्यांबरोबर गात गात त्याने अमेरिकन उच्चार घोटवून घेतले, अशी त्याचीच आठवण आहे. अंगापिंडाने तो दणकट. मैदानावर त्याला मुले 'हर्क्युलिस' म्हणू लागली. आपल्याकडे एखाद्याला भीम म्हणावे तसे. त्याचेच पुढे 'कूल हर्क' झाले. त्याचा जोडीदार ब्रॉन्क्समधलाच, त्याच वर्षी जन्मलेला. पुढे तो 'कोक ला रॉक' या टोपणनावाने ओळखला जाऊ लागला. एक हाताने काम करणारा, एक तोंडाने. अशी जोडी आपल्याला नवी नाही. गोंधळात संबळ वाजविणारा आणि आख्यान लावणारा गोंधळी, कीर्तनात बुवा आणि मृदंगी, शाहिरीत डफ आणि तुणतुणे हे असेच एकमेकांच्या आधाराने उभे असतात.

वडिलांनी एका स्थानिक वाद्यवृंदाला ध्वनियंत्रणा पुरविण्याचे काम पत्करले होते आणि त्यासाठी नवे उंच स्तंभाकार ध्वनिवर्धक आणले होते. त्यांना हात लावायची मुलांना बंदी. त्या यंत्रणेतून पूर्ण आवाज काही केल्या निघत नसे. वडील घरी नसताना क्लाइव्हने तारांची जोडणी बदलून पाहिली आणि त्या खोक्यांतून जो काही आवाज निघाला, तो ऐकून मागून आलेले वडीलही थक्क झाले. मुलाच्या पाठीत धपाटा बसायचा, तो बसला नाही. उलट दोघांत करार झाला. वाद्यवृंद विसाव्यासाठी थांबेल तेव्हा मुलाने तबकड्या लावाव्यात आणि त्या बदल्यात यंत्रणा स्वतःच्या कार्यक्रमांना वापरावी. कुठल्याही बापाने मुलाचा नाद ओळखून त्याला अशी वाट करून द्यावी, यात काही अमेरिकन नाही.

११ ऑगस्ट १९७३ हा दिवस. सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत कॅम्पबेल कुटुंब राहत असे. शंभरावर बिऱ्हाडांची ही उंच इमारत. खाली तळमजल्यावर भाडेकरूंसाठी एक समाईक खोली. आपल्याकडे सोसायटीचे सभागृह असते तशी. शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले होते आणि क्लाइव्हची धाकटी बहीण सिंडी हिला नवे कपडे हवे होते. हात पसरण्यापेक्षा तिने ती खोली भाड्याने घेतली आणि नृत्याचा कार्यक्रम ठरविला. छोट्या छोट्या पुठ्ठ्यांवर हाताने निमंत्रणे लिहिली. वेळ रात्री नऊ ते पहाटे चार. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या लावायला घरचाच भाऊ. सगळा प्रपंच इतकाच. आजच्या इतिहासकारांनी या रात्रीला एका जागतिक कलाप्रवाहाची जन्मरात्र ठरविले आहे. मुळात ती एका मुलीच्या शाळेच्या कपड्यांची बेगमी होती, हे विसरू नये. या कथेत सिंडीला फार उशिरा श्रेय मिळाले.

त्या रात्री हर्कने प्रथम आपल्या मायदेशी वळणाची गाणी लावली. कोणी फारसे हलले नाही. मग त्याने जेम्स ब्राऊनसारख्यांची ठेकेदार गाणी काढली आणि खोली जागी झाली. कोक ला रॉक ध्वनिक्षेपक घेऊन उभा होता. गर्दीतल्या मित्रांची नावे तो तालात पुकारी. आपले नाव कर्ण्यातून ऐकू येणे, हा त्या मुलांच्या दृष्टीने केवढा मान असेल, याची कल्पना मंडळाच्या वर्गणीदारांची यादी ऐकणाऱ्या कोणाही माणसाला करता येईल.

आता त्यातली खरी कलाकुसर सांगतो. तिच्यावाचून या दोघांची थोरवी कळायची नाही. तबकडीवरच्या पुष्कळ गाण्यांत मधेच एक क्षण असा येतो, की गाणारा थांबतो, सूरवाद्ये थांबतात आणि फक्त ढोल व खर्जाचे तंतुवाद्य उरते. आपल्या भजनांतही हे आहे. बुवा दम घेतात, टाळ मंदावतात आणि पखवाजी एकटा उसळून येतो. बसलेली सारी सभा त्या वेळी ताठ होते. हर्कच्या नजरेला आले, की नाचणारी मुले नेमकी या तुकड्याची वाट पाहत असतात. पण तो तुकडा असायचा काही सेकंदांचा. तो लांबवायचा कसा? त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या आणि दोन यंत्रांवर लावल्या. पहिलीवरचा तुकडा संपतो न संपतो तोच दुसरीवर तोच तुकडा सुरू करायचा. तो चालू असताना पहिलीची सुई पुन्हा मागे आणायची. असे फिरून फिरून. फिरत्या पाळण्याचे नाव त्याने या रीतीला दिले. काही सेकंदांचा ठेका पाच-पाच, दहा-दहा मिनिटे चालू राहिला. या तुकड्यावर नाचणाऱ्या मुलांचा स्वतंत्र पंथच पुढे निर्माण झाला.

गाणे नवे नाही, वाद्य नवे नाही, यंत्रही बाजारातलेच. नवे होते ते फक्त ऐकणे. लोक कुठे जिवंत होतात हे ज्याला कानांनी कळले, त्याने तेवढाच भाग उचलून समोर ठेवला. कीर्तनकाराची निवड याहून वेगळी नसते, असे आमचे मत आहे.

विद्या लपविण्याची रीतही या मंडळींत होती. तबकड्यांवरची नावाची चिठ्ठी हर्क पाण्यात भिजवून काढून टाकी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला कोणते गाणे आहे याचा पत्ता लागू नये. ही शिकवण वडिलांची, आणि त्यांच्याकडे ती जमैकाच्या चौकांतून आलेली. आपल्या घराण्यांतही चीज चोरली जाऊ नये म्हणून बुजुर्गांनी काय काय केले, त्याच्या आख्यायिका संगीतप्रेमी वाचकांना ठाऊक आहेतच.

समाईक खोली लवकरच अपुरी पडू लागली. मंडळी जवळच्या सीडर पार्क या बागेत आली. तिथे वीज कुठली? रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून ती घेतली जाई. (हा प्रकार आपल्याकडील काही मंडळांना सर्वस्वी अपरिचित नसावा.) पुढे ट्वायलाइट झोन, हेवलो अशा नृत्यगृहांत त्यांचे बस्तान बसले. हर्कने मोठाली ध्वनियंत्रणा उभी केली आणि तिला स्वतःच्या नावावरून 'हर्क्युलॉर्ड्स' असे दणदणीत नाव दिले. भोवती नर्तकांचा आणि साथीदारांचा ताफा जमला. कोक ला रॉकचे नुसते नावे पुकारणे हळूहळू यमकांकडे झुकले. आज जगभर 'रॅप' म्हणून जे ओळखले जाते, त्याचा पहिला उच्चार करणारा म्हणून पुष्कळ जण त्याचेच नाव घेतात.

आणि हर्कच्या मेळाव्यांत एक शिस्त असे. मारामारी दिसली, तर गाणे थांबविण्याची आणि ध्वनिक्षेपकावरून समज देण्याची त्याची तयारी असे. टोळ्यांनी पोखरलेल्या वस्तीत शेकडो पोरे रात्रभर एकत्र नाचून पहाटे आपापल्या घरी धडपणे परततात, हे त्या काळी थोडेथोडके नव्हते. हे पुण्य ज्याच्या खाती आहे, त्याला आम्ही नुसता गोंगाट करणारा कसा म्हणावे?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हर्कच्या हाताला सफाई बेताची होती. तो सुई अंदाजाने टेकवी आणि दोन तुकड्यांचा सांधा पुष्कळदा ढिला राही; लय क्षणभर अडखळे. वस्तीला त्याचे काही वाटत नसे, कारण एवढा भरदार आवाज आणि एवढी हुकमी निवड दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. पण ऐकणाऱ्यांत बार्बाडोस बेटावर जन्मलेला जोसेफ सॅडलर नावाचा एक विजेच्या कामाचा नादी मुलगा होता. त्याने तबकडीवर खडूने खुणा केल्या, दुसरी तबकडी कानाला लावलेल्या ध्वनिश्रावकातून आधी ऐकून घेण्याची सोय केली आणि सांधा असा जुळवला, की तो कुठे आहे हे कळूच नये. तोच पुढे 'ग्रँडमास्टर फ्लॅश' झाला. थिओडोर नावाच्या आणखी एका पोराने १९७५ च्या सुमारास तबकडी हाताने पुढेमागे घासून तिच्यातूनच नवे वाद्य काढले. आई खोलीत येऊन ओरडली म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने दाबून धरली आणि त्यातून ही युक्ती सुचली, असे सांगतात. शिष्य पुढे गेले. पहिली वाट पाडणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येते.

१९७७ साली 'एक्झिक्युटिव्ह प्लेहाउस' या नृत्यगृहात दाराशी काही तंटा झाला. मिटवायला हर्क पुढे झाला आणि त्याच्यावर सुऱ्याचे वार झाले. कुशीत आणि तळहातावर. जो हात सुई उचलून ठेवी, तोच. तो वाचला, पण मन त्या कामातून उडाले. कोक ला रॉकनेही त्यानंतर ध्वनिक्षेपक खाली ठेवला. अवघ्या चार वर्षांची ही जोडी. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका त्या काळात निघाली नाही. निघावी असे बहुधा त्यांच्या मनातही आले नसेल. त्यांची कला मेळ्यात होती, खोलीत जमलेल्या माणसांत होती. गावच्या जत्रेत रात्र जागविणाऱ्या गोंधळ्याची ध्वनिमुद्रिका कोणी काढली होती?

दोन वर्षांतच, १९७९ मध्ये, शेजारच्या न्यू जर्सी राज्यात जमविलेल्या तिघा तरुणांच्या 'शुगरहिल गँग' या संचाची 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली आणि साऱ्या अमेरिकेत खपली. ब्रॉन्क्सच्या खोल्यांत जन्मलेल्या कलेचा पहिला मोठा पैसा असा भलतीकडे गेला. पुढे ते संगीत पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पसरले; मुंबईच्या गल्ल्यांतली पोरे त्यात स्वतःच्या चाळीची गाऱ्हाणी सांगू लागली, २०१९ साली त्यावर 'गली बॉय' हा हिंदी चित्रपट आला आणि मराठीतही असे तालबद्ध बोलणे आता रुळले आहे. मात्र हर्कच्या वाट्याला वाईट दिवस आले. १९८४ च्या 'बीट स्ट्रीट' या चित्रपटात तो क्षणभर दिसला, तेवढेच. वडील वारले आणि तो व्यसनाच्या गर्तेत गेला. त्यातून तो बाहेर पडला, ही त्याची करणी लहान नव्हे. २०११ साली मूतखड्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा त्याच्याजवळ वैद्यकीय विमा नव्हता. ज्याच्या खांद्यावर अब्जावधींचा धंदा उभा राहिला, त्याच्या उपचारासाठी चाहत्यांना वर्गणी गोळा करावी लागली.

मान आला, पण सावकाश. १९७३ सालच्या त्या रात्रीची यंत्रणा आणि कागदपत्रे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या प्रख्यात लिलावगृहात मांडली गेली. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये हर्कचा गौरव झाला, तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या धिप्पाड माणसाला व्यासपीठावर रडू आवरले नाही. अमेरिकेच्या सिनेटने त्याआधी, २०२१ मध्ये, ११ ऑगस्ट हा दिवस या कलेच्या नावे ठराव करून मान्य केला होता.

आम्हांस मात्र या साऱ्या गौरवांहून त्या इमारतीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १५२० क्रमांकाची ती इमारत माफक भाड्याच्या सरकारी योजनेतली होती. २००७ च्या सुमारास मालकांनी त्या योजनेतून अंग काढून घेण्याचा घाट घातला. भाडी वाढणार आणि जुनी बिऱ्हाडे उठणार, हे उघड होते. भाडेकरू एकवटले. आपल्या बाजूने त्यांच्याजवळ काय होते? पैसा नव्हता, वशिला नव्हता. होती ती एका रात्रीची आठवण. आमच्या तळमजल्यावर हे संगीत जन्मले, असे त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि हर्क स्वतः त्यांच्या बाजूने उभा राहिला. राज्याच्या वारसा-खात्याने २००७ मध्ये त्या जागेचे महत्त्व मान्य केले. तरीही इमारत विकली गेलीच. नवे मालक कर्जात बुडाले, डागडुजी थांबली, भाडेकरूंचे हाल झाले. पुढे शहराच्या साहाय्याने ती दुसऱ्या हाती गेली आणि माफक भाडे टिकले. गिरणगावच्या चाळींतून ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, त्या आमच्या वाचकांना या लढ्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता आपल्या दारी येऊ. भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये आणि लोकमान्यांनी १८९३ पासून ज्या सार्वजनिक उत्सवाला रूप दिले, त्याला २०२५ च्या जुलैत राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर झाला. त्या उत्सवात प्रारंभी मेळे होते. पोरे टिपऱ्या धरून पदे म्हणत, परक्या सत्तेला टोमणे मारीत. शाहिरांचा कलगी-तुरा तर त्याहून जुना. शक्ती थोर की शिव थोर, या वादावर रात्र रात्र सवाल-जवाब चालत. कोकणात आणि मुंबईतल्या कोकणी वस्त्यांत दोन बुवांची डबल बारी आजही रंगते आणि एक बुवा दुसऱ्याला गाण्यातून असा टोला देतो, की श्रोते उठून उभे राहतात. कोक ला रॉकला यातले काहीच कळायला जड गेले नसते. म्हणजे जी कला त्या दोघांनी घडविली, तिला बसायला आपल्या घरी पाट आधीच मांडलेला होता. पण आपल्याकडे ती कला आलीच नाही. आला तो फक्त आवाज, आणि आवाजाचे भाडे.

त्या आवाजाचा हिशेब गृहस्थांनी समजून घेण्याजोगा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे मोजमाप साध्या बेरजेचे नव्हे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दसपट होते. तीन वाढले तरी दुप्पट. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज कोणत्याही परिस्थितीत ७५ च्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो; त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० ला ती पाव तासावर येते. भिंतीपुढे तीन-तीन तास नाचणाऱ्या पोरांच्या कानांतले सूक्ष्म केस एकदा मोडले, की पुन्हा उगवत नाहीत. छातीत जो हादरा बसतो, तो खर्जाचा. पन्नास कंपनांच्या खर्जाची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. तिला दार, खिडकी, गादी, उशी काहीच अडवीत नाही. म्हणूनच दार लावून घेऊनही आजोबांना विसावा मिळत नाही. हा त्यांचा कांगावा नव्हे.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हा नियमही त्याच नियमावलीतला. सण-उत्सवांसाठी वर्षातून पंधराच्या वर नाहीत इतके दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या साऱ्यावर शिक्कामोर्तब केले. न ऐकण्याचाही माणसाला हक्क आहे, हे तत्त्व त्यातून ठळक झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नियम कसोशीने पाळण्याविषयी शासनाला बजावले आणि २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा पुरविणाऱ्यांनी मागितलेला दिलासा नाकारला. त्या व्यावसायिकांचीही बाजू आहे. कर्ज काढून यंत्रे घेतलेली, हंगाम दहा दिवसांचा. त्यांच्या घरीही गणपती बसतोच. पण नियम सर्वांनाच ठाऊक असून दरवर्षी मोडले जातात आणि मोडणारा बहुधा आपल्याच गल्लीतला, नावानिशी ओळखीचा असतो, म्हणून तक्रार करायला कोणी पुढे येत नाही.

घरातल्या त्या कार्यकर्त्या मुलाशी बोलताना वडीलधाऱ्यांनी एक करून पाहावे. त्याला रागावण्याआधी, यंदा मिरवणुकीपुढे जो माणूस तबकड्या किंवा आजकालची यंत्रे चालविणार, त्याचे नाव काय, असे विचारावे. बहुतेक वेळा मुलाला ते सांगता येणार नाही. भिंत किती खोक्यांची, ती कुठून येणार, भाडे किती, एवढे मात्र त्याला तोंडपाठ असेल. मग त्याला सिंडीच्या पुठ्ठ्यावरच्या निमंत्रणाची हकीकत सांगावी. खोली एवढीशी होती, खोकी बापाने उसनी दिलेली होती आणि निमंत्रणावर आवाजाविषयी अवाक्षर नव्हते. वर ठळक अक्षरांत लिहिले होते ते वाजविणाऱ्याचे नाव.